टाकीपासून खांबापर्यंत

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते नेमकं कधीपासून, हे तिला वारासकट सांगता आलं असतं. रविवार होता. तिचा हात गळ्यातल्या झोळीत होता, आणि तिची स्वतःची गाडी, मिस्त्रीने ठोकून ठोकून सरळ केलेली, धाकटी चालवत होती. चालवत होती म्हणजे काय, नुसती फिरवून आणत होती. गाडी उभी राहिली तर बिघडते म्हणून थोरलीनेच तिला बसवलं होतं. तिसऱ्या फेरीला धाकटी शेवटच्या वळणातून बाहेर आली ती अशी काही आली, की कठड्यापाशी उभी असलेली चार माणसं बोलता बोलता थांबली. थोरलीसाठी तसं कुणी कधी थांबलेलं तिला आठवत नव्हतं.

गावाबाहेर एक बंद पडलेला विमानतळ होता. त्याच्या धावपट्टीला आठ वळणं जोडून मास्तरांनी तिथे गाड्या पळवायची जागा केली होती. मास्तर म्हणजे आयुष्यभर लोकांना गाडी शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना कुणाचं नाव म्हणून लक्षात राहायचं नाही. जो जे काम करतो तेच त्याचं नाव. कुलूपवाला, पाळणाघरवाली, दोन पोस्टमन होते तर एक मोठा पोस्टमन आणि एक बारका. थोरलीचं चष्म्याचं दुकान, म्हणून ती चष्मेवाली. धाकटी दातांच्या दवाखान्यात दारापाशी बसून लोकांना नंबर द्यायची, पण तिचं नाव मात्र कामावरून पडलं नव्हतं. सहा वर्षं ती बहिणीचं घड्याळ धरायला येत होती, तेव्हा ती आपली चष्मेवालीची धाकटी.

इथे घड्याळ हातानेच धरायचं असे. यंत्रबिंत्र काही नाही. प्रत्येकाने आपलं माणूस आणायचं, त्याने रेषेपाशी उभं राहून अंगठ्याने घड्याळ दाबायचं, आणि जो आकडा येईल तो काळ्या पाटीवर खडूने लिहायचा. हंगामाच्या शेवटच्या रविवारी पाटी ओल्या फडक्याने पुसली जाई. प्रत्येक प्रकारच्या गाडीत ज्याचा आकडा सगळ्यात कमी, तेवढाच तेलरंगाने रंगवून ठेवत, आणि रंगवायचाही ज्याने घड्याळ धरलं त्यानेच.

छोट्या गाड्यांत गेले आठ महिने एकच आकडा सगळ्यात वर होता. चष्मेवाली, एक मिनिट बेचाळीस पूर्णांक चार. सगळे नुसतं बेचाळीस चार म्हणत.

त्या बेचाळीस चारच्या लगेच पुढच्या फेरीतच थोरली पाचव्या वळणाला जाऊन आदळली होती. हाव, दुसरं काय. धावपट्टी संपते तिथे एक लाल खांब होता. खांबापाशी ब्रेक दाबला की गाडी पाचव्या वळणात बरोबर बसायची, हे तिने दोन वर्षं घासून शोधून काढलेलं गुपित. त्या दिवशी तिला वाटलं, खांबाच्याही जरा पुढे जाऊन बघू. गेली आणि टायरांच्या भिंतीत घुसली. खांद्याचं हाड मोडलं, दार मोडलं. मिस्त्रीने दुसऱ्या कुठल्याशा गाडीचं निळं दार लाल गाडीला बसवून दिलं, आणि ते निळं दार पाहिलं की थोरलीला अजून घाम फुटायचा.

तर धाकटी चालवायला लागली. दुसऱ्या रविवारी तिने साधा प्रश्न विचारला, "ताई, पाचव्या वळणाला तू ब्रेक कुठे दाबायचीस गं?"

थोरलीने क्षणभर खांबाकडे पाहिलं. खांबाच्या बरंच अलीकडे, पंचेचाळीस पावलांवर, पाण्याची टाकी होती.

"टाकीपाशी," ती म्हणाली.

नवशिकी आहे, जपून चालवू दे, असं तिने स्वतःला सांगितलं. काळजीच आहे ती, असंही सांगितलं. पण रात्रंदिवस दुसऱ्याच्या डोळ्यांत बघण्याचा धंदा असलेल्या बाईला स्वतःचं मन काय दिसत नाही? टाकीपाशी ब्रेक दाबला तर एका फेरीत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

थोरलीने हाताचं निमित्त केलं, म्हणून धाकटीचं घड्याळ मास्तर धरायचे. आणि एवढं करूनसुद्धा तिचा आकडा खाली खाली यायला लागला. पन्नास, शेहेचाळीस, चव्वेचाळीस. गेल्या रविवारी बेचाळीस नऊ. थोरली दुकानात गिऱ्हाईकाच्या नाकावर फ्रेम ठेवून मनातल्या मनात वजाबाकी करायची. बेचाळीस नऊमधून टाकीचं खोटं काढलं तर किती उरतात? बेचाळीस दोन, फार तर बेचाळीस तीन. दर वेळी उत्तर तेच यायचं आणि दर वेळी तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

घरी नवरा कौतुकाने म्हणाला, "तुझी बहीण छुपी रुस्तम निघाली की!" त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

बरं, धाकटीचा राग तरी कशावरून धरायचा? उर्मटपणा करावा, बढाई मारावी, तर तेही नाही. ती गाडीतून उतरायची, हेल्मेट काढायची, केस सारखे करायची आणि म्हणायची, "मजा आली." मजा! थोरलीने सहा वर्षं दातओठ खाऊन, नोंदी ठेवून, सकाळी उठून मानेचे व्यायाम करून जे मिळवलं, ते हिला मजेत येत होतं. जळायला यापेक्षा जास्त काय लागतं?

शेवटचा रविवार उजाडला. डॉक्टरांनी थोरलीला परवानगी दिली होती. ती हातमोजे घालून आली ती सरळ गाडीकडे निघाली.

"थांब, थांब, चष्मेवाली," मास्तर म्हणाले. "नियम विसरलीस? जो आदळला त्याने आधी तीन फेऱ्या शेजारी बसायचं. त्याच गाडीत."

"त्या गाडीत शेजारी म्हणजे कुणाच्या?"

"कुणाच्या काय? तुझ्या घरचीच तर आहे!"

थोरलीला हा नियम माहीत होता. कुलूपवाला धडकला तेव्हा त्याला तिनेच शेजारी बसवून फिरवलं होतं आणि वर चार शहाणपणाच्या गोष्टीही सांगितल्या होत्या. आता ती मुकाट्याने निळ्या दाराला वळसा घालून पलीकडच्या दाराने आत बसली. चालवणाऱ्याची सीट पुढे ओढलेली होती. आरसा खाली केलेला होता. गाडीत दवाखान्यातल्या साबणाचा वास येत होता. आपल्याच घरात पाहुणं म्हणून यावं तसं तिला झालं.

"पट्टा नीट लागला ना, ताई?" धाकटीने विचारलं.

"मला पट्टा शिकवतेस?"

धाकटी हसली आणि गाडी निघाली.

पहिल्या वळणातच थोरलीला कळून चुकलं. बाहेरून जे दिसत होतं ते काहीच नव्हतं. धाकटीचे हात स्टिअरिंगच्या चाकावर असे हलत होते, जसा झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढून घ्यावा. कुठे झटका नाही, कुठे ओढाताण नाही. दुसरं वळण, तिसरं वळण. थोरली जिथे गाडीशी भांडायची तिथे ही नुसती वाट देत होती. हे शिकवून येत नाही, हे थोरलीला ठाऊक होतं, कारण तिने स्वतः ते शिकायचा खूप प्रयत्न केला होता.

मग लांब धावपट्टी आली. गाडी सुसाट सुटली. थोरलीची नजर आपोआप समोरच्या टायरांच्या भिंतीवर गेली. भिंतीत तिने पाडलेल्या भोकाच्या जागी नवे टायर रचले होते, ते बाकीच्यांपेक्षा जास्त काळे होते. ती काळ्या टायरांकडे बघत राहिली आणि तिचा उजवा पाय तिच्याही नकळत समोरच्या रिकाम्या पत्र्यावर दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हताच. तरी ती दाबत होती.

टाकी आली. धाकटीने ब्रेक दाबला. बरोबर टाकीपाशी, एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही.

दुसऱ्या फेरीला, टाकीपाशी. तिसऱ्या फेरीला, टाकीपाशी. ब्रेक लागल्यापासून खांब येईपर्यंतचा तो मधला तुकडा गाडी रेंगाळत पार करी, आणि दर वेळी थोरलीला आपलं खोटं पावलापावलाने मोजता येई. पण त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. ब्रेक लागला की तिला हायसं वाटत होतं. तिचा पाय पत्र्यावर दाबला जात होता तो टाकीच्याही कितीतरी आधी.

तीन फेऱ्या झाल्या. मास्तरांनी तिला पाच फेऱ्या दिल्या. थोरलीने सीट मागे ढकलली, आरसा वर केला, चाक धरलं. धाकटी घड्याळ घेऊन रेषेपाशी उभी राहिली, सहा वर्षं उभी राहायची तशीच.

पहिल्या फेरीचं काही विचारू नका. दुसऱ्या फेरीला थोरली जरा सावरली. तिसऱ्या फेरीला तिने मनाशी पक्कं ठरवलं, आज खांबापर्यंत जायचं. पाय उचलायचा नाही म्हणजे नाही. काळे टायर मोठे होत आले. खांब कुठेतरी बाजूला होता, तिला तो दिसलाच नाही. टाकी आली आणि तिचा पाय ब्रेकवर गेला. जणू धाकटीला दिलेला पत्ता तिच्याच पायाने पाठ करून ठेवला होता.

ती गाडी आत घेऊन आली. अजून दोन फेऱ्या शिल्लक होत्या, पण तिने गाडी बंद केली.

"किती?"

"शेहेचाळीस एक," धाकटी म्हणाली. "छान झालं गं, ताई. आठ महिन्यांनी बसलीस. हळूहळू होईल. घाबरायचं काही कारण नाही."

तो आवाज थोरलीच्या ओळखीचा होता. दाढ काढायला आलेल्या माणसाला खुर्चीत बसवताना धाकटी तोच आवाज काढायची. दुखणार नाही, असं दिवसातून तीस वेळा सांगणं हेही तिचं काम होतं.

"माझ्याशी दवाखान्यातलं बोलू नकोस!" थोरली ओरडली. "तुला काय वाटतं, मला कळत नाही? आतून खूश असशील. ताई शेहेचाळीस आणि मी बेचाळीस!"

"ताई, लोक बघतायत."

"बघू देत! आणि ऐक. टाकीपाशी ब्रेक दाबायचा नसतोच. मी खोटं सांगितलं होतं तुला. खांबापाशी दाबायचा असतो, त्या लाल खांबापाशी. तू माझ्या पुढे जाऊ नयेस म्हणून सांगितलं. झालं समाधान?"

आता ही रडेल, नाहीतर भांडेल. भांडली तर बरं, असं थोरलीला मनापासून वाटलं.

धाकटीने घड्याळाची दोरी बोटाला गुंडाळली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"खांब. सहा वर्षं इथे उभी होते ना मी? तुझ्या ब्रेकचे दिवे कुठे लागायचे ते मला झोपेतसुद्धा सांगता येईल."

"मग टाकीपाशी का दाबत होतीस?"

"तू टाकी म्हणालीस म्हणून. तुझं तोंड बघितलं होतं मी तेव्हा. म्हटलं, राहू दे. हात मोडलाय, गाडी मोडलीय, पाटीवरचा आकडा तेवढा राहू दे तिचा."

थोरलीच्या कानशिलात कुणी वाजवावी तसं झालं. म्हणजे एवढे महिने ती जळत होती, आकडे मोजत होती, चोरासारखी वागत होती, आणि समोरची शर्यतीत नव्हतीच! तिला वाटत होतं आपण बहिणीला अडवून धरलंय. प्रत्यक्षात बहिणीने तिला जिंकू दिलं होतं, लहान पोराला पत्त्यांत जिंकू देतात तसं. आणि मग एक विचार तिच्या डोक्यात शिरला.

"आणि घड्याळ?" तिने विचारलं. "माझं बेचाळीस चार? तेही असंच, राहू दे म्हणून?"

धाकटीचा चेहरा एकदम कठोर झाला. एवढ्या वर्षांत थोरलीने तिला पहिल्यांदाच चिडलेलं पाहिलं.

"घड्याळात मी कधीच काही केलं नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. पहिल्या दिवशी तूच सांगितलं होतंस, अंगठ्याला नातं नसतं म्हणून. गाडी माझ्या पायाखाली होती, ती मी हळू चालवली. तो माझा प्रश्न. घड्याळ तुझं होतं."

थोरलीने हेल्मेट डोक्यावर घातलं, निळं दार धाडकन लावलं आणि निघाली.

रागाचा एक फायदा असतो, भीतीला बसायला जागा उरत नाही. चौथी फेरी तिने दातओठ खात काढली. पाचव्या वळणाच्या तोंडाशी पुन्हा काळे टायर दिसले आणि पुन्हा टाकीपाशी पाय गेला. शिवी हासडून ती पुढे गेली. राहू दे म्हणे! सहाव्या वळणात, सातव्यात, तिला तेच ऐकू येत होतं. राहू दे, राहू दे.

शेवटची फेरी. धावपट्टी लागली. डोळे पुन्हा काळ्या टायरांकडे वळायला लागले, आणि तिला दुकानातलं स्वतःचंच बोलणं आठवलं. अहो, माझ्या बोटाकडे काय बघताय? समोरच्या अक्षराकडे बघा. दिवसभर ती लोकांवर करवादायची, कारण लोक नेमकं बघू नये तिथे बघायचे. आज गाडीत बसल्यापासून ती भिंतीकडेच बघत होती. खांब तिने पाहिलाच नव्हता.

तिने नजर ओढून खांबावर आणली. अक्षरशः ओढावी लागली. लाल रंगाला कडेने पोपडे धरले होते, खाली गवत वाढलं होतं. टाकी बाजूने निघून गेली. पाय खाली होता. ओरडावंसं वाटलं, बहुतेक ती ओरडलीही. पाय खालीच होता. खांब आला. तिने ब्रेक दाबला, गाडी नाक खाली घालून वळली आणि पाचव्या वळणातून आरपार बाहेर पडली.

धाकटीने घड्याळ तिच्यासमोर धरलं. त्रेचाळीस पाच. पाटीवर लिहिण्यासारखा आकडा नव्हता.

"खांबापर्यंत गेलीस," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "दिवे दिसले मला."

"रडू नकोस. आण ते घड्याळ इकडे." थोरलीने हातमोजे काढले. "आता तू जा. आणि खांबापर्यंत जा. मुद्दाम हळू आलीस तर मला ते बाहेरून दिसेल. मग माझ्या घराची पायरी चढायची नाही."

"अगं पण ताई, पाटी..."

"पाटीचं मी बघते."

थोरली रेषेपाशी उभी राहिली. गाडी चालवायला लागल्यापासून ती इथे कधी उभी राहिलीच नव्हती. इथून अर्धा रस्ता दिसत होता आणि अर्धा नुसता ऐकू येत होता. इथे माणसाच्या हातात अंगठा सोडून काहीच नसतं. सहा वर्षं रविवारामागून रविवार धाकटी इथे काय करत होती, असा विचार तिने आजवर केला नव्हता. टायरांच्या भिंतीचा तो आवाजही धाकटीने इथेच उभं राहून ऐकला असणार.

पहिली फेरी गाडी तापवायची. दुसऱ्या फेरीला धाकटी रेषेवरून गेली आणि थोरलीने घड्याळ सुरू केलं. लांब धावपट्टीवर गाडी दिसली. टाकी गेली. दिवे लागले नाहीत. दिवे लागले ते खांबापाशी, आणि लाल गाडी अशी वळली की थोरलीच्या तोंडून नको असताना "वा!" निघून गेलं.

मग शेवटचं वळण. गाडी समोरून येत होती, आणि थोरलीचं लक्ष हातातल्या काट्याकडे होतं. एक मिनिट अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. आता तिला सगळं कळलं. आकडा बेचाळीसच्या आसपास येणार होता. किंचित अलीकडे की किंचित पलीकडे, एवढाच प्रश्न होता. अंगठा पापणी लवण्याइतका उशिरा दाबला की झालं. कुणाला कळलं नसतं. धाकटीला कळलं असतं तरी ती राहू दे म्हणाली असती. आणि पाटीवर चष्मेवाली, बेचाळीस चार, तेलरंगात, कायमचं.

ती जळत होती. तेव्हाही जळत होती, अगदी मनापासून. हे सगळं संपलं, आपण एकदम मोठ्या मनाच्या झालो, असलं काही तिला वाटलं नाही.

गाडीचं नाक रेषेवर आलं आणि अंगठा दाबला गेला.

बेचाळीस दोन.

मास्तर तेलरंगाचा डबा आणि ब्रश घेऊन पाटीपाशी उभे होते. "किती गं?" त्यांनी विचारलं. थोरलीने आकडा सांगितला. मग ओलं फडकं घेऊन स्वतःचं बेचाळीस चार पुसलं. आठ महिन्यांचा खडू, सहजासहजी जात नव्हता. दोनदा घासावं लागलं.

"काय लिहू, चष्मेवालीची धाकटी?" ब्रश बुडवत ती स्वतःशीच पुटपुटली.

"तेच तर नाव आहे तिचं," मास्तर म्हणाले.

धाकटी हेल्मेट काखेत धरून धावत आली तेव्हा थोरली शेवटचं अक्षर ओढत होती. अक्षर जरा वाकडं आलं होतं. पाटीवर लिहिलं होतं, नंबरवाली, बेचाळीस दोन.

धाकटी पाटीकडे बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "ताई, घड्याळात काही..."

"एकदाही नाही," थोरली म्हणाली, आणि ब्रश तिच्या हातात दिला. "हा धुऊन ठेव. पुढच्या वर्षी माझा आकडा रंगवायला तुला लागेल."